तिहेरी ग्राफ व्याकरणाने मॉडेल-रूपांतर कसं लिहावं: क्लास डायग्राम ते डेटाबेस स्कीमा

ट्रिपल ग्राफ ग्रामर, म्हणजेच तिहेरी ग्राफ व्याकरण, वापरून लिहिलेलं रूपांतर छोट्या नमुन्यावर बहुतेक वेळा चालतं. खऱ्या मॉडेलवर मात्र अर्धी असोसिएशन्स (क्लासमधली नाती) गळून पडतात, उलट दिशेने चालवलं की टूल थांबतच नाही, किंवा त्याच मॉडेलचे दोन वेळा दोन वेगळे निकाल येतात. दोष सहसा टूलचा नसतो. ‘क्लास दिसला की टेबल बनव’ अशा आज्ञा व्याकरणाच्या वेषात लिहिलेल्या असतात, तिथे हे सगळं सुरू होतं.

व्याकरणाचा नियम आज्ञा देत नाही. एकमेकांशी सुसंगत असलेली मॉडेलांची जोडी एका पावलाने कशी वाढते, एवढंच तो सांगतो. डावीकडे क्लास आणि उजवीकडे टेबल एकाच वेळी जन्माला येतात आणि मध्ये त्यांना बांधणारा जोडणी-नोड येतो (नोड म्हणजे ग्राफमधला एक बिंदू, दोन नोडना जोडणारी रेघ म्हणजे एज). कुठून कुठे रूपांतर करायचं हे टूल त्याच नियमांतून नंतर काढतं. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने करा. नियम आधी आणि उदाहरणं नंतर, असं केलं की चुका शेवटी एकदम सापडतात आणि तेव्हा त्या सुटता सुटत नाहीत.

## टप्पा १: कागदावर ठरवायच्या गोष्टी

टूल उघडण्याआधी तीन निर्णय लिहून काढा.

१. कोणत्या दिशा लागणार? फक्त पुढची (क्लासकडून टेबलांकडे), मागचीसह दोन्ही, की दोन्ही मॉडेलं आधीच हातात असताना त्यांची सुसंगतता तपासायची आहे? मागची दिशा नको असेल तर काही नियम बरेच सोपे होतात.

२. इन्हेरिटन्स, म्हणजे क्लासचा वारसा, टेबलांत कसा उतरणार? या लेखात वारसा-साखळीतल्या सगळ्या क्लासना मिळून एकच टेबल धरलं आहे.

३. कोणती मॉडेलं बाहेर ठेवायची? इथे प्रत्येक मूळ क्लासला नेमकं एक की-ॲट्रिब्यूट (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा गुणधर्म) आहे, उपक्लासला स्वतःची की नाही आणि असोसिएशन ‘एकाकडे’ जाणारीच आहेत. अनेक-ते-अनेक नात्यांसाठी जोड-टेबलाचा वेगळा नियम लागतो, तो इथे घेतलेला नाही.

तिसरा निर्णय लोक सर्रास टाळतात. मग संयुक्त, म्हणजे अनेक कॉलमांची मिळून बनलेली, प्रायमरी की असलेलं मॉडेल आलं की फॉरेन कीमध्ये (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या संदर्भात) एकच कॉलम उतरतो आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा २: तीन मेटामॉडेलं

मेटामॉडेल म्हणजे मॉडेलात कोणत्या प्रकारचे घटक असू शकतात याचं वर्णन. डावीकडे चार प्रकारचे नोड: पॅकेज, क्लास, ॲट्रिब्यूट (नाव, प्रकार, ‘की आहे का’) आणि असोसिएशन. एज पाच: पॅकेज–क्लास, क्लास–पालक क्लास, क्लास–ॲट्रिब्यूट, असोसिएशनचा उगम आणि असोसिएशनचा शेवट.

उजवीकडे स्कीमा, टेबल, कॉलम, फॉरेन की आणि प्रकार-मूल्य हे नोड. प्रकार-मूल्य म्हणजे एकाच टेबलात अनेक क्लास राहतात तेव्हा ओळ कोणत्या उपक्लासची आहे हे सांगणारं ठरावीक मूल्य. ते मेटामॉडेलमध्ये का हवं, ते टप्पा ४ मध्ये कळेल. एज: स्कीमा–टेबल, टेबल–कॉलम, टेबल–प्रायमरी की कॉलम, टेबल–फॉरेन की, फॉरेन की–तिचा कॉलम, फॉरेन की–संदर्भित टेबल, टेबल–प्रकार-मूल्य.

मधल्या ग्राफमध्ये चार जोडणी-नोड: पॅकेज↔स्कीमा, क्लास↔टेबल, ॲट्रिब्यूट↔कॉलम, असोसिएशन↔फॉरेन की.

सावधान: मधल्या ग्राफमध्ये माहिती साठवू नका. ‘हा क्लास आधी हाताळला’ असे झेंडे किंवा नावाची प्रत जोडणी-नोडवर ठेवली, तर दोन्ही मॉडेलं जशीच्या तशी असूनही जोडी विसंगत ठरू शकते.

## टप्पा ३: आधी जोड्या, मग नियम

नियम लिहिण्याआधी हाताने किमान एक पूर्ण जोडी काढा आणि तिचे नोड-एज मोजून ठेवा. पुढे हेच आकडे कामी येतात. आपली जोडी ग्रंथालयाची:

- पॅकेज ‘ग्रंथालय’
- क्लास ‘वाचक’: क्रमांक (की), नाव
- क्लास ‘पुस्तक’: नोंदक्रमांक (की), शीर्षक
- ‘वाचक’चा उपक्लास ‘बालवाचक’: वय
- ‘पुस्तक’कडून ‘वाचक’कडे जाणारं असोसिएशन ‘घेणारा’

डावीकडे १० नोड आणि ११ एज, एकूण २१ घटक. उजवीकडे एक स्कीमा, दोन टेबलं, सहा कॉलम, एक फॉरेन की आणि एक प्रकार-मूल्य, म्हणजे ११ नोड, एज १४, एकूण २५. सहावा कॉलम म्हणजे ‘पुस्तक’ टेबलातला ‘घेणारा_क्रमांक’. जोडणी-नोड १०: एक पॅकेजचा, तीन क्लासचे, पाच ॲट्रिब्यूटचे, एक असोसिएशनचा.

सोबत मान्य न होणाऱ्या निदान तीन जोड्याही काढा: की नसलेला मूळ क्लास, एका टेबलात एकाच नावाचे दोन कॉलम, आणि कॉलम असूनही त्याच्याशी जोडलेलं ॲट्रिब्यूट नसलेली जोडी. व्याकरणाने या तिन्ही नाकारल्या पाहिजेत.

## टप्पा ४: नियम

प्रत्येक नियमात दोन रंग असतात. काळा भाग म्हणजे आधीपासून हवा असलेला संदर्भ, हिरवा भाग म्हणजे या पावलात जन्मणारे घटक. नियम काहीही पुसत नाही, फक्त वाढवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या व्याकरणाला ‘अंतिम’ अशी वेगळी अवस्था नाही. प्रत्येक पावलानंतर जी जोडी उभी असते, ती व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आणि सुसंगत असते. म्हणून ‘आधी क्लास आणि टेबल बनवू, की पुढच्या नियमात घालू’ असं लिहिलं, की बिनकीचा क्लासही मान्य झाला. जे नेहमी एकत्र असतं, ते एकाच नियमात एकत्र जन्मलं पाहिजे.

नियम १, पॅकेज–स्कीमा. संदर्भ काहीच नाही. हिरवे: पॅकेज, स्कीमा, त्यांचा जोडणी-नोड.

नियम २, मूळ क्लास–टेबल. संदर्भ: पॅकेज आणि स्कीमा, जोडणीसह. हिरवे डावीकडे: क्लास, त्याचं की-ॲट्रिब्यूट आणि दोन एज. उजवीकडे: टेबल, कॉलम आणि तीन एज, त्यात प्रायमरी कीचा एज आलाच. मध्ये दोन जोडणी-नोड.

नियम ३, उपक्लास. संदर्भ: पालक क्लास, त्याचं पॅकेज आणि पालकाला जोडलेलं टेबल. हिरवे: उपक्लास, पॅकेज-एज, पालक-एज, त्याच टेबलाकडे जाणारा नवा जोडणी-नोड, आणि उजवीकडे प्रकार-मूल्य व त्याचा एज.

सावधान: नियम ३ मधलं प्रकार-मूल्य काढून टाकण्याचा मोह होतो, कारण टेबल तर आधीच आहे. ते काढलं की नियम उजवीकडे काहीच निर्माण करत नाही. मागच्या दिशेत अशा नियमाला खर्च करायला काही उरत नाही, म्हणून तो एकाच टेबलावर पुन्हा पुन्हा लागतो आणि उपक्लास अमर्याद वाढतात. प्रत्येक नियम ज्या दिशेने चालवायचा आहे, त्या दिशेच्या सुरुवातीच्या बाजूला निदान एक हिरवा घटक हवाच.

नियम ४, साधं ॲट्रिब्यूट–कॉलम. संदर्भ: जोडलेले क्लास आणि टेबल. हिरवे: ॲट्रिब्यूट, कॉलम, एकेक एज, जोडणी-नोड.

नियम ५, असोसिएशन–फॉरेन की. संदर्भ: उगम आणि शेवटचे क्लास, त्यांची टेबलं, आणि शेवटच्या टेबलाचा प्रायमरी की कॉलम. हिरवे डावीकडे: असोसिएशन आणि दोन एज. उजवीकडे: फॉरेन की, नवा कॉलम आणि चार एज. मध्ये एक जोडणी-नोड.

नियम ५ एकदाच लिहून पुरत नाही. बरीच टूल्स जुळणी एकास-एक धरतात, म्हणजे नियमातले दोन नोड मॉडेलातल्या एकाच नोडवर बसू शकत नाहीत. त्यामुळे ‘पुस्तक’कडून ‘पुस्तक’कडेच जाणारं ‘पुढचा भाग’ हे असोसिएशन जुळतच नाही. त्याहून फसवं प्रकरण म्हणजे ‘बालवाचक’कडून ‘वाचक’कडे जाणारं ‘पालक’: क्लास दोन, पण टेबल एकच. म्हणून तीन रूपं लागतात:

- दोन क्लास, दोन टेबलं
- दोन क्लास, एक टेबल
- एक क्लास, एक टेबल

जुळणीचं हे बंधनच सैल करण्याची सोय काही टूल्समध्ये आहे. हेन्शिन या ग्राफ-रूपांतराच्या टूलमध्ये ती प्रत्येक नियमाला वेगळी ठरवता येते. सरसकट सगळ्या नियमांना मात्र ती लावू नका, नको त्या जुळण्याही आत येतात.

तपासणी: टप्पा ३ मधली जोडी नियमांनी हाताने उभी करा. नियम १ एकदा, २ दोनदा, ३ एकदा, ४ तीनदा, ५ एकदा. एकूण ८ पावलं. डावीकडची बेरीज १ + ८ + ३ + ६ + ३ = २१ आणि उजवीकडची १ + १० + २ + ६ + ६ = २५ आली पाहिजे. नाही आली, तर एखादा एज कोणत्याच नियमात हिरवा नाही किंवा दोन नियमांत आहे.

## टप्पा ५: ॲट्रिब्यूटच्या अटी

अट म्हणजे दोन्ही बाजूंच्या मूल्यांमधलं नातं. ती ‘याची किंमत त्याला दे’ अशी असाइनमेंट म्हणून लिहिली, की मागची दिशा तिथेच संपते.

नावांची समानता सोपी. टेबलाचं नाव ‘टी_’ अधिक क्लासचं नाव, हेही सोपं, कारण उपसर्ग ठरलेला आहे. खरी अडचण फॉरेन कीच्या कॉलमच्या नावात येते. की कॉलमचं नाव ‘वाचक_क्रमांक’ असेल तर नवा कॉलम ‘घेणारा_वाचक_क्रमांक’ होतो. मागे येताना तो खालच्या रेघेवर तोडायचा, तर कोणत्या? म्हणून अट अशी लिहा: नाव = असोसिएशनचं नाव + ‘_’ + संदर्भातल्या की कॉलमचं नाव. की कॉलम काळ्या भागात असल्याने त्याचं नाव आधीच माहीत असतं. प्रत्यय कापला की उरतं ते असोसिएशनचं नाव, एकच उत्तर.

प्रकारांच्या तक्त्यातही हेच बघा. डावीकडचे ‘स्ट्रिंग’ आणि ‘मजकूर’ दोन्ही उजवीकडे ‘व्हारचार’ होत असतील, तर मागे येताना दोन पर्याय उरतात. मागची दिशा हवी असेल तर तक्ता एकास-एक ठेवा.

नियम २ मध्ये ‘की आहे का = हो’ आणि नियम ४ मध्ये ‘की आहे का = नाही’ या दोन्ही अटी लिहा. पहिली राहिली तर कोणतंही ॲट्रिब्यूट की बनू शकतं आणि प्रत्येक वेळी निकाल वेगळा येतो. दुसरी राहिली तर दोन की-ॲट्रिब्यूट असलेल्या क्लासमधलं एक मुकाट्याने साधा कॉलम होऊन जातं. दुसरी चूक जास्त घातक, कारण टूल तक्रारच करत नाही.

## टप्पा ६: नकार-अटी, मोजक्याच

‘हा घटक नसेल तरच नियम लागू’ ही नकार-अट. तिचा उपयोग एकाच कामासाठी करा: एखाद्या बाजूचं बंधन पाळण्यासाठी. आपल्याकडे अशी दोन बंधनं आहेत.

एका स्कीमात एकाच नावाची दोन टेबलं नकोत. ही अट नियम २ वर.

एका टेबलात एकाच नावाचे दोन कॉलम नकोत. ही अट नियम ४ वर सगळे लावतात आणि नियम ५ विसरतात. कुणी ‘पुस्तक’ क्लासला ‘घेणारा_क्रमांक’ नावाचं ॲट्रिब्यूट दिलं की फॉरेन कीच्या कॉलमशी गाठ पडते. अट नियम ५ च्या तिन्ही रूपांवर लावा. नियम २ ला ती नको, कारण त्यातलं टेबलच नवं आहे.

एकाच टेबलात राहणाऱ्या दोन उपक्लासना ‘वय’ असेल, तर या अटीमुळे दुसरं ‘वय’ अडून राहील. हा दोष नाही. वापरणाऱ्याला ते अडलेलं ॲट्रिब्यूट नावानिशी दाखवा.

सावधान: एकाच नकार-अटीत डावे आणि उजवे घटक मिसळू नका. ‘टेबल अजून नसेल तर बनव’ ही अट म्हणजे पुन्हा आज्ञाच. एखादा घटक हाताळला गेला की नाही, याची नोंद पुढच्या टप्प्यातल्या खुणा ठेवतात.

## टप्पा ७: दिशा काढणं

पुढच्या दिशेसाठी टूल नियमात एकच बदल करतं. डावीकडचे हिरवे घटक आता निर्माण होत नाहीत. ते मॉडेलात शोधले जातात आणि त्यांच्यावर ‘झालं’ अशी खूण पडते. अट अशी की ते आधी बिनखुणेचे असावेत आणि डावीकडचा काळा भाग आधीच खुणेचा असावा. क्रम यातूनच आपोआप येतो: ‘वाचक’ला खूण होईपर्यंत ‘घेणारा’ला हात लागत नाही. क्रम लादण्यासाठी वेगळी यंत्रणा बांधू नका.

खुणा पुरेशा मात्र नाहीत. मागच्या दिशेत नियम ४ ला ‘घेणारा_क्रमांक’ हा कॉलम साध्या कॉलमसारखाच दिसतो. त्याने तो गिळला तर फॉरेन की नोडला आपला कॉलम कधीच मिळत नाही आणि रूपांतर तिथेच अडतं. यावर उपाय म्हणजे लोंबत्या एजची तपासणी: नियम लावल्यावर एखादा बिनखुणेचा एज असा उरणार असेल, की जो पुढे कोणताही नियम उचलू शकत नाही, तर ती जुळणी सोडून द्या. फॉरेन की–कॉलम हा एज फक्त नियम ५ मध्ये, कॉलमबरोबरच हिरवा आहे. तेव्हा नियम ४ आपोआप बाजूला होतो. प्रायमरी कीच्या कॉलमचंही असंच.

ही तपासणी एज पाहते, मूल्यं पाहत नाही. म्हणूनच टप्पा ५ मधल्या ‘की आहे का’ या अटी हाताने लिहाव्या लागतात. एजमुळे झालेला भेद टूल पकडतं, मूल्यामुळे झालेला भेद तुम्हाला पकडावा लागतो.

तपासणी: पुढची दिशा चालवून संपल्यावर डावीकडे २१ च्या २१ घटकांवर खूण हवी. निकालाचं मॉडेल डोळ्यांना बरोबर दिसतंय यावर विसंबू नका. पालक-एज बिनखुणेचा राहिला असला तरी ते बरोबरच दिसू शकतं. बिनखुणेच्या घटकांची यादी छापणं हा तुमच्या रूपांतराचा कायमचा भाग ठेवा.

## टप्पा ८: एकच निकाल येतो का

निकाल व्याकरणात बसतो हे एक, आणि निकाल एकच येतो हे दुसरं. पहिलं व्याकरणाच्या रचनेतून मिळतं, दुसरं तपासावं लागतं.

प्रत्येक दिशेच्या नियमांच्या जोड्या घ्या आणि विचारा: एकाच बिनखुणेच्या घटकावर दोघे दावा करू शकतात का? यालाच क्रिटिकल पेअर विश्लेषण म्हणतात. एजीजी आणि हेन्शिन या टूल्समध्ये त्याची सोय आहे. आपले पाच नियम हातानेही तपासता येतात.

पुढच्या दिशेत भांडण उरत नाही. मागच्या दिशेत एक उरतं आणि ते खरं आहे: ‘वाचक’ टेबलातला ‘वय’ हा कॉलम ‘वाचक’चा की ‘बालवाचक’चा? दोन्ही क्लास त्याच टेबलाला जोडलेले असल्याने दोन्ही उत्तरं व्याकरणाला मान्य आहेत. उपक्लासचा उपक्लास आला की पालक कोण, याचंही असंच होतं. इथे नियमांना प्राधान्यक्रम देऊन उपयोग नाही, कारण नियम एकच आहे आणि जुळण्या दोन आहेत. धोरण ठरवा, उदाहरणार्थ ‘संशय असेल तर मूळ क्लास’, आणि ते जुळणी निवडण्याच्या जागी लिहा. नाहीतर वापरणाऱ्याला विचारा. ही माहिती स्कीमात नाहीच, त्यामुळे व्याकरण कितीही घासलं तरी ती तिथून निघणार नाही.

दोन तयार मॉडेलांची सुसंगतता तपासतानाही अशाच जुळण्यांमधून निवड करावी लागते. ईमोफ्लॉन हे टूल हे काम पूर्णांक रेषीय प्रोग्रामिंगच्या (बंधनं पाळून निवड शोधणाऱ्या गणिती पद्धतीच्या) सॉल्व्हरकडे सोपवतं. धोरण तिथे लागत नाही. सगळे घटक झाकणारा एक जरी संच सापडला तरी जोडी सुसंगत.

## टप्पा ९: बदल सांभाळणं

स्कीमा तयार झाल्यावर कुणी क्लास डायग्राम बदलतो. सगळं नव्याने रूपांतर केलं तर डेटाबेसवाल्याने टेबलांवर हाताने घातलेले इंडेक्स आणि शेरे उडून जातात. म्हणून प्रत्येक पाऊल कोणत्या नियमाने, कोणत्या घटकांवर पडलं, याची नोंद सांभाळा.

१. पुसलेले घटक शोधा आणि त्यांना निर्माण करणारी पावलं मागे घ्या.

२. त्या पावलांवर अवलंबून असलेली पावलंही मागे घ्या. ‘वाचक’ गेला तर ‘बालवाचक’, ‘वय’ आणि ‘घेणारा’ यांची पावलंही मोडतात.

३. फक्त मूल्य बदललं असेल तर पाऊल मोडू नका, अट पुन्हा सोडवा. ‘क्रमांक’चं नाव बदललं की ‘घेणारा_क्रमांक’चंही बदलायला हवं, कारण नियम ५ च्या अटीत ते नाव संदर्भातून येतं. ही साखळी तुटली आहे का, हे आवर्जून बघा.

४. मग बिनखुणेच्या राहिलेल्या घटकांवर पुढची दिशा चालवा.

हा क्रम उलटा करू नका. आधी नवं रूपांतर आणि मग पुसणं असं केलं, तर ‘नाव’ हे ॲट्रिब्यूट पुसून त्याच नावाचं दुसरं घातलेलं असताना जुना कॉलम अजून जागेवर असतो आणि नियम ४ ची नकार-अट नव्याला अडवते.

सावधान: ॲट्रिब्यूट एका क्लासमधून दुसऱ्यात हलवणं टूलला ‘पुसलं आणि नवं आलं’ असंच दिसतं. ‘वय’ हे ‘बालवाचक’मधून ‘वाचक’मध्ये नेलं, तर टेबल तेच असूनही कॉलम मोडून पुन्हा बनतो आणि त्याच्यावरचा इंडेक्स जातो. असे बदल वारंवार होत असतील, तर मागे घेतलेले उजवे घटक लगेच न पुसता बाजूला ठेवा, आणि नवं पाऊल टाकताना तेच नाव आणि तोच प्रकार असलेला कॉलम मिळाला तर तोच वापरा. काही टूल्समध्ये यासाठी नियमांवरून काढलेले दुरुस्ती-नियम असतात. ते चालू करण्याआधी टप्पा ३ मधल्या जोडीवर हा एकच बदल करून बघा: नोड-एजचे आकडे तेच राहिले पाहिजेत आणि ‘वय’ या कॉलमवर आधी ठेवलेला शेरा जागेवर दिसला पाहिजे.